आज आई रामकुंडाच्या पायऱ्या उतरली

सात महिन्यांनी. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या हातात. उतरताना आधी दुखरा डावा पाय, चढताना आधी चांगला उजवा. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलेलं तिने आज बरोबर लक्षात ठेवलं.

गुडघ्याची झीज कळल्यापासून तिने चालणंच सोडलं होतं. जेवढं चालू तेवढा गुडघा झिजेल, असं तिला वाटायचं. खरं तर मलाही. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, सांध्यातल्या गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला की आतल्या वंगणातूनच तिला पोषण मिळतं. आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण कमी होतो."

तेव्हापासून रोज सकाळी पलंगावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. ती खाली दाबायची, मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची. असं दहा वेळा. आई आकडे मोजत नाही, पाच वेळा रामनाम घेते. थंडीत गुडघा आखडतो म्हणून आधी गरम पाण्याची पिशवी. पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसेना, तेव्हा दोघींचाही धीर सुटत आला होता.

झीज आहे तिथेच आहे, दुखतंही. पण आता रात्री झोप लागते तिला.

आज गोदामाईच्या पाण्यात पाऊल टाकून ती बराच वेळ उभी राहिली. मी अजिबात घाई केली नाही.