फोनवर न विचारलेला प्रश्न

आदल्या दिवशी संध्याकाळी फोन आला तेव्हा मी फिरत्या दवाखान्याच्या गाडीत मागे बसून लसीच्या बाटल्या मोजत होतो. पलीकडे चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, धापा टाकत बोलणारा. "डॉक्टर, म्हैस सकाळपासनं खात नाही. पाय झाडते, उठते-बसते. दुपारी कळा आल्यासारखं वाटलं, मग थांबलं. पाणमोट काही आली नाही."

दिवस भरलेत का, विचारलं. आठवडा बाकी आहे म्हणाला. ताप, जुलाब, पोट फुगलंय का? नाही. म्हटलं, मग अजून वेळ आहे. कधी कधी खोट्या कळा येतात. उद्या आम्ही तुमच्याच बाजूला शेळ्यांना लस टोचायला येतोय, तेव्हा बघतो. "बरं," म्हणाला. फोन बंद झाला आणि मी पुन्हा बाटल्या मोजायला लागलो.

दिवसातून असे पंधरा-वीस फोन येतात. त्यातले निम्मे फोनवरच मिटवावे लागतात, नाहीतर गाडी दिवसभर रस्त्यावरच राहील. फिरता दवाखाना म्हटलं की लोकांना वाटतं, दवाखाना चालत दारात येतो. प्रत्यक्षात तो दिवसातला अर्धा वेळ खड्डे मोजत असतो, आणि रस्ता संपतो तिथे थांबतो. पुढचं अंतर पिशवी खांद्याला लावून पायी.

दुसऱ्या दिवशी गाडी कोरड्या ओढ्याच्या अलीकडे थांबली. लसीचा थंड डबा सहायकाच्या खांद्यावर, औषधांची पिशवी माझ्या, दोर चालकाकडे. पाऊण तास चढ. वस्तीवर शेळ्या आधीच गोळा करून ठेवल्या होत्या, म्हणून आधी तेच काम धरलं. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस पावडरीच्या रूपात येते. द्रावणात मिसळली की घड्याळ सुरू होतं. बर्फावर ठेवूनही तासा-दोन तासांत ती टोचून संपवायची, उरली तर फेकायची. मी शंभर मात्रांची बाटली नुकती मिसळली होती आणि जेमतेम दहा शेळ्या झाल्या होत्या, तेवढ्यात कालचाच मुलगा पळत आला. त्याचा आवाज लगेच ओळखला. चेहरा पहिल्यांदाच बघत होतो.

"म्हैस आडवी पडलीय. आजी म्हणते, डॉक्टरला आत्ताच आण."

सहायकाकडे पाहिलं. "तुम्ही जा सर, मी टोचतो," तो म्हणाला. टोचण्याच्या कामात तो माझ्याइतकाच तयार आहे, खरं सांगायचं तर शेळ्यांच्या बाबतीत माझ्यापेक्षा काकणभर जास्तच. बाटली त्याच्या हवाली केली आणि चालकाला घेऊन निघालो.

वाटेत मुलाला विचारलं, काल संध्याकाळनंतर पुन्हा फोन का नाही केला? त्याने मागे वळून डोंगराच्या सोंडेकडे बोट दाखवलं. "रेंज फक्त तिथं येते. काल अंधार झाला होता." म्हणजे माझ्याशी बोलायला तो अर्धा तास चढून वर गेला होता. मी "उद्या बघतो" म्हटल्यावर खाली उतरला. नंतर मला काही सुचलं असतं, तरी त्याला परत विचारायची सोय नव्हती. माझ्या हातात एकच फोन होता आणि त्यात मी ताप आणि जुलाब विचारत बसलो.

गोठ्यात आजी म्हशीच्या डोक्याशी बसल्या होत्या. म्हैस उठवली तर उठली, पण पाठीची कमान झालेली, नजर पोटाकडे. मी मागे जाऊन शेपटी बाजूला केली आणि तिथेच थांबलो. योनीचा वरचा भाग आत ओढला गेला होता, तोही एका बाजूला, जणू आतून कुणीतरी दोरी खेचतंय. गर्भाशयाला पीळ पडलेल्या प्रत्येक केसमध्ये हे दिसतंच असं नाही, पण दिसलं की फार विचार करावा लागत नाही.

"आजी, हे असं कधीपासून?"

"काल सकाळी धार काढायच्या वेळेपासून. दुसरीची धार काढताना माझं लक्ष गेलं. पोराला सांगितलं होतं, डॉक्टरला सांग म्हणून."

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "डॉक्टरांनी विचारलंच नाही." लाजला असणार. असली गोष्ट परक्या माणसाला फोनवर आपण होऊन कशी सांगायची, तेही त्या वयात? विचारायचं काम माझं होतं.

कोपरापर्यंत हात धुऊन, वंगण लावून आत घातला. ओला पंचा पिळावा तशा घड्या हाताला लागल्या, उजवीकडे वळत गेलेल्या. मग गुदमार्गातून तपासलं. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जे बंध असतात, त्यातला डावा वरून उजवीकडे ताणून आला होता, वाजवली तर वाजेल इतका कडक. उजवीकडचा पीळ. म्हशींत बहुतेक वेळा तो उजवीकडेच असतो. गाभण गर्भाशय एका बाजूने बांधलेलं आणि टोकाला मोकळं असतं. जनावर उठताना आधी मागचा भाग उचलतं, तेव्हा तो सगळा बोजा पोटात लोंबतो. त्याच क्षणी पाय घसरला किंवा धक्का बसला की तो उलटतो. गाईपेक्षा म्हशीत हे जास्त का, याची कारणं वेगवेगळी सांगतात. कुणी चिखलात लोळण्याला दोष देतं. माझं त्यावर पूर्ण मन बसलेलं नाही, कारण न लोळणाऱ्या म्हशीही मी पाहिल्यात.

पिळामुळे दोन गोष्टी होतात. वासराची वाट बंद होते, आणि रक्तवाहिन्याही त्याच पिळात सापडतात. कळा येतात, पुढे काही सरकत नाही, मग कळा थांबतात. बाहेरून सगळं शांत. फोनवरून ऐकणाऱ्याला वाटतं, अजून वेळ आहे.

उपाय शतकानुशतकं वापरातला वाटावा इतका साधा आहे. गर्भाशय जागेवर दाबून धरायचं आणि त्याच्याभोवती म्हैसच फिरवायची. त्यासाठी लांब, रुंद, मजबूत फळी लागते. गाडीत ती नसते. दहा फुटांची फळी ठेवायला जागा नाही, आणि असती तरी गाडी ओढ्यापलीकडे होती.

"फळी आहे का कुठे? लांब, वाकणार नाही अशी."

आजींनी गोठ्याभर नजर फिरवली. मग उठल्या, घराच्या दाराशी गेल्या आणि कवाडावर हात ठेवला. "हे चालेल?"

जुनं, जाड लाकडाचं, दोन फळ्या जोडून केलेलं कवाड. फळीइतकं लांब नव्हतं, पण रुंद होतं. चालकाने आणि शेजारच्या दोघांनी ते बिजागऱ्यांवरून उचललं. बिजागऱ्या गंजलेल्या, त्यामुळे थोडं तोडावंही लागलं. आजी तिकडे बघतही नव्हत्या. त्या म्हशीच्या कानामागे खाजवत होत्या.

पेंढा पसरला. गळ्यातून, छातीभोवती, मग पोटाभोवती दोर फिरवून मागून सावकाश ओढला की म्हैस आपोआप गुडघे टेकते. तिला उजव्या कुशीवर पाडली. पुढचे पाय एकत्र बांधले, मागचे एकत्र. कवाडाचं एक टोक वर आलेल्या डाव्या कुशीवर, दुसरं जमिनीवर. चालक जमिनीकडच्या बाजूने त्यावर उभा राहिला. त्याचं वजन किती ते मी लिहिणार नाही, पण त्या दिवशी ते पुरेसं होतं. बाकीच्यांनी पायांचे दोर धरले. पाठीवरून दुसऱ्या कुशीवर, सावकाश, आणि कवाडाचा दाब न सोडता.

दिशा चुकली तर पीळ सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो. म्हणून प्रत्येक वेळी मनात पुन्हा उजळणी: पीळ उजवा, कूस उजवी, फिरवायचं उजवीकडेच.

पहिल्या लोळणीनंतर हात घातला. घड्या तशाच. परत उजव्या कुशीवर आणली. दुसऱ्या वेळी कवाड घसरलं आणि चालक पेंढ्यात बसला. कुणी हसलं नाही. तीन-चार वेळा करूनही सुटलं नाही तर पोट फाडून वासरू काढणं एवढंच उरतं, तेही उघड्या गोठ्यात, पाणी घागरीने आणून. तिसऱ्या लोळणीत हात आतच ठेवला होता. म्हैस पाठीवर आली आणि मनगटाभोवतीची पकड एकदम सैल झाली. पाठोपाठ गरम पाणी हातावरून बाहेर आलं.

ते पाणी स्वच्छ नव्हतं. गडद तांबूस होतं, आणि वास सांगायला नको.

दोन खूर हाताला लागले. खुरांमधली कातडी चिमटीत धरून दाबली. जिवंत वासरू पाय मागे ओढतं. याने ओढला नाही. तोंडात बोट घातलं, चोखलं नाही. गर्भाशयाचं तोंड पुरतं उघडलं नव्हतं, म्हणून थांबून, वंगण घालून, बोटांनी हळूहळू मोकळं करत गेलो. मग पायांना दोऱ्या लावून, म्हैस जोर देईल तेव्हाच ओढत वासरू बाहेर काढलं. पूर्ण वाढलेली पारडी. डोळे धुरकट झालेले. माझ्या अंदाजाने गेल्या रात्रीच गेली असावी.

आत कुठे फाटलंय का ते बोटांनी चाचपून पाहिलं. नव्हतं. सलाईन, वेदनाशामक, प्रतिजैविक, गर्भाशय आकुंचन पावायचं इंजेक्शन. व्यायल्यावर मान टाकून पडलेल्या म्हशीला शिरेतून कॅल्शियम दिलं की ती बघता बघता उभी राहते आणि लोक डॉक्टरला जादूगार समजतात. इथे तसलं काही नव्हतं. म्हैस तासाभराने उठली, तीही तिला वाटलं म्हणून.

मी हात धूत असताना आजींनी विचारलं, "काल आला असता तर?"

खरं तर उत्तर टाळायला जागा होती. पीळ किती घट्ट होता, कधी पडला, नक्की कोण सांगणार. पण त्यांनी काल सकाळी जे पाहिलं होतं ते मला आज दुपारी कळलं होतं. "काल आलो असतो तर बहुधा पारडी वाचली असती," मी म्हटलं. "चूक माझी. पोराने जे सांगायला हवं होतं ते मी विचारलं नाही."

आजी काही बोलल्या नाहीत. म्हशीसमोर वैरण टाकली, ती खाते का ते बघत राहिल्या. त्यानंतर मला आणखी एक गोष्ट सांगावी लागली आणि ती जास्त जड गेली: औषधांचा अंश जाईपर्यंत हिचं दूध घरात वापरायचं नाही, विकायचंही नाही. किती दिवस, विचारलं. सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि मान हलवली.

वस्तीवर परतलो तेव्हा सहायकाचं काम झालं होतं. बाटलीत काही मात्रा उरल्या होत्या. वेळ उलटून गेली म्हणून त्याने त्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्याच्याबद्दल मला त्या दिवशी जास्तच आदर वाटला, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. पीपीआरचा विषाणू हा बुळकांडीच्या विषाणूचा नातेवाईक. बुळकांडीने एकेकाळी खंडच्या खंड गुरं संपवली. २००१ साली केनियात तिची शेवटची नोंद झाली आणि २०११ मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीनंतर पूर्ण नाहीसा झालेला हा दुसराच रोग. त्यात शेवटच्या टप्प्यावर, विशेषतः आफ्रिकेत, बर्फाशिवाय आठवडेच्या आठवडे टिकणारी लस कामाला आली. ती रस्ता नसलेल्या भागात पायी नेली आणि टोचली ती बऱ्याच ठिकाणी गुरं राखणाऱ्यांतूनच शिकवून तयार केलेल्या माणसांनी. मी वर्षानुवर्षं हे लसीचं यश म्हणून सांगत आलो होतो. ती माणसं कुणाच्या गोठ्यात काय बिनसलंय हे आमच्या आधी ओळखत असणार, हे मात्र डोक्यात कधी आलं नव्हतं.

दहा दिवसांनी त्या बाजूला गेलो तेव्हा मुद्दाम डोकावलो. जार, म्हणजे वासरामागची वार, त्याच रात्री पडला होता. म्हैस खात होती. वासराशिवाय पान्हा सोडायला दोन-तीन दिवस खळखळ केली, मग आजींच्या हाताला सोडला. गाडीतल्या पुठ्ठ्यावर मी तोवर फोनवर विचारायचे प्रश्न लिहून चिकटवले होते. त्याचीच एक प्रत मुलाला दिली. "टेकडीवर चढायच्या आधी हे सगळं बघून घे," म्हटलं. त्याने दोनदा वाचलं. योनीबद्दलच्या ओळीवर थोडा अडखळला, मग पुढे गेला.

चार महिन्यांनी पहाटे फोन. धापा तशाच. मी काही विचारायच्या आधीच त्याने सुरुवात केली. "शेजारची गाय. दिवस भरलेत. पाणमोट रात्री फुटली. कळा चालू आहेत पण पुढे काही येत नाही. मागचा भाग सरळ आहे, ओढलेला नाही, पण आजी म्हणते खात्री नको. आणि डॉक्टर, कवाड काढून ठेवलंय."

गाडी लगेच काढली. त्या गाईला पीळ नव्हता. वासराची मान मागे वळली होती. ती सरळ केली आणि वासरू जिवंत निघालं. कवाड परत बसवायला मात्र दुपार झाली, कारण या खेपेला घाईत दोन्ही बिजागऱ्या मोडल्या होत्या.