कच्च्या वाटेवरची इलेक्ट्रिक युनिसायकल: माझा अनुभव

कच्च्या वाटेवर इलेक्ट्रिक युनिसायकलची खरी कसोटी लागते ती सावकाश चढताना. या गाडीबद्दल जो तो पहिला प्रश्न विचारतो, किती पळते? डोंगरात त्या आकड्याला फारशी किंमत नाही. सुट्या खडीचा उभा चढ, त्यावर चालण्याइतकाच वेग, आणि तसं सलग किती वेळ ती तुम्हाला वर नेऊ शकते, हे तिथे महत्त्वाचं. डांबरी रस्त्यावरून डोंगरवाटांवर यायचं ठरवलं तेव्हापासून आजपर्यंत मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी ज्यांना हे यंत्र नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. एकच चाक, मोटर त्याच चाकाच्या आत, दोन्ही बाजूंना पेडल (पाय ठेवून उभं राहायच्या फळ्या), आणि पुढे-मागे तोल सांभाळायला जायरोस्कोप व अ‍ॅक्सेलरोमीटर (कल आणि हालचाल ओळखणारे सेन्सर) आणि एक कंट्रोल बोर्ड. पुढे झुकलं की बोर्ड मोटरला जोर लावायला सांगतं आणि चाक तुमच्या खाली येत राहतं. शेन चेन यांची सोलोव्हील २०११ मध्ये आली तेव्हा ही गाडी फुटपाथपुरतीच होती. कच्च्या वाटेच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष २०२०. त्या वर्षी इनमोशन व्ही११ आणि किंगसाँग एस१८ या सस्पेन्शनच्या गाड्या आल्या. त्याच वर्षी व्हेटरन शर्मनही आली: १००.८ व्होल्ट, ३२०० वॉट-अवर बॅटरी, २० इंची चाक, पण सस्पेन्शन नाही. तरीही लोकांनी ती बिनदिक्कत डोंगरात नेली, कारण ती टिकत होती. दणके गुडघ्यांनी झेलता येतात, दगा देणारं बोर्ड झेलता येत नाही. माझी निवड याच विचाराने झाली.

गाडी घेताना मी सस्पेन्शनआधी दोन गोष्टी पाहिल्या, व्होल्टेज आणि मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तिच्यातले तांब्याच्या तारेचे वळसे. काही मॉडेल्स दोन प्रकारच्या वाइंडिंगमध्ये मिळतात, एक वेगासाठी आणि एक टॉर्कसाठी, म्हणजे चाक फिरवण्याच्या जोरासाठी. डोंगरासाठी टॉर्कवालीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. तेवढाच जोर ती कमी करंटमध्ये देते, आणि करंट कमी म्हणजे बोर्डाला आणि वायरींना ताप कमी. व्होल्टेजचं कारण वेगळं आहे. मोटर फिरायला लागली की तिच्यात उलट्या दिशेचा व्होल्टेज तयार होतो, वेग वाढेल तसा तोही वाढतो. बॅटरीच्या व्होल्टेजमधून तो वजा जाऊन जे उरतं, तेवढ्याच बळावर नवा करंट ढकलता येतो. २४ सेल ओळीने जोडलेला पॅक पूर्ण भरला की १००.८ व्होल्ट देतो. प्रत्येक सेल ४.२ वरून ३.५ व्होल्टवर आला की उरतात ८४, आणि चढावर जोर लावल्यावर तेही आणखी खाली बसतात. म्हणजे सकाळी घेऊन निघालेली गाडी आणि दुपारी परत आणलेली गाडी, दोन्हींची ताकद सारखी नसते. बॅटरी अर्ध्याखाली गेली की मी नवीन अवघड वाटेला हात घालत नाही.

मागितलेला जोर बोर्डाला देता आला नाही तर काय होतं, हे या गाडीच्या प्रत्येक चालकाने मनात पक्कं बसवायला हवं. पेडल पुढे बुडतं आणि माणूस तोंडावर जातो. सावरायला दुसरं चाक नाही, हँडल नाही. म्हणून मोबाइलच्या अ‍ॅपवर (ईयूसी वर्ल्ड किंवा व्हीललॉग) वेगापेक्षा पीडब्ल्यूएमच्या टक्केवारीवर लक्ष ठेवायचं. बोर्ड आपल्या क्षमतेचा किती भाग वापरतंय ते हा आकडा सांगतो. १०० टक्के झाले की हाताशी काहीच उरलेलं नसतं. अ‍ॅपचा इशारा मी बराच खाली ठेवला आहे, कारण कच्च्या वाटेवर आकडा अचानक उसळतो. मुळावरून चाक क्षणभर हवेत गेलं किंवा चिखलात टायर जागच्या जागी फिरला, की बोर्डाच्या लेखी वेग वाढलेला असतो.

तयारीत पहिलं काम टायरचं. गुळगुळीत टायर काढून उंच गाठींचा, माती पकडणारा टायर घातला. ऐकायला सोपं वाटतं, पण मोटर चाकातच असल्यामुळे टायर बदलायचा म्हणजे निम्मी गाडी उघडावी लागते. अ‍ॅक्सलमधून बाहेर येणाऱ्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा तीन जाड वायरी, त्यांच्यासोबत हॉल सेन्सरच्या (चाकाची स्थिती बोर्डाला कळवणाऱ्या) बारीक वायरींची जुडी. प्रत्येक जोड सोडवण्याआधी फोटो काढला, प्रत्येक स्क्रू जिथून निघाला त्या जागेचं नाव लिहिलेल्या पाकिटात टाकला. परत जोडताना वायरींचं इन्सुलेशन कुठे खरचटलंय का ते बोटाने चाचपून पाहिलं, कारण अ‍ॅक्सलच्या तोंडाशी त्या घासतात आणि चढावर सगळ्यात जास्त करंट त्यांच्यातूनच जातो. या कामात अख्खी दुपार गेली, पण गाडी आतून कशी आहे ते त्या दुपारी समजलं. डोंगरात नेणार असाल तर पहिला टायर स्वतःच बदला, असं मी आवर्जून सांगेन.

हवेचा दाब कमी ठेवला की पकड वाढते, पण फार कमी केला तर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून पंक्चर होते आणि रिमला पोचा बसतो. आपल्या वजनाला जुळणारा दाब थोडा थोडा उतरवत शोधावा लागतो. ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव) टाकलं. पेडलना टोकदार पिना बसवल्या, त्यामुळे ओल्या बुटांनीही पाय सरकत नाही (नडगीला मात्र जपावं लागतं). पोटरी आणि नडगीला टेकणारे पॅड बसवले. त्यांच्याशिवाय उभ्या चढावर पुरेसं झुकताच येत नाही. सस्पेन्शन असं लावलं की उभं राहिल्यावर एकूण हालचालीच्या पाव ते तिसरा हिस्सा गाडी खाली बसेल. त्याहून मऊ ठेवलं तर प्रत्येक दणक्याला पेडल खाली येऊन दगडाला अडकतं, आणि पेडल अडकणं हे या वाटांवर पडण्याचं मोठं कारण आहे. फुल-फेस हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड, घोटा झाकणारे बूट, यांवर चर्चा नकोच.

चालवायला शिकण्याबद्दल फार लिहीत नाही, ते पायांना शिकावं लागतं. पण काही गोष्टी कोणी आधी सांगितल्या असत्या तर सोपं गेलं असतं. गुडघे सैल ठेवायचे आणि नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची. मुळं शक्यतो काटकोनात ओलांडायची, कारण ओल्या मुळावर चाक तिरपं गेलं की सरळ बाजूला निसटतं. पाण्याने खणलेल्या अरुंद चरातून जायचं टाळायचं, तिथे पेडलना जागा नसते. आणि चढावर थांबून पुन्हा निघायचा सराव मुद्दाम करायचा, दोन्ही पायांनी. सपाटीवर सहज चढणारा माणूस कलत्या जमिनीवर गाडीवर पाय ठेवताना बावचळतो.

आता चढाची गोष्ट. आमच्या गटाच्या एका लांब चढाईत वाट हळूहळू उभी होत गेली आणि खाली सुटी खडी लागली. मी जपून, अगदी संथ चालवत होतो. पंख्याचा आवाज वाढला. मग तापलेल्या व्हार्निशसारखा वास आला, आणि अ‍ॅपवर बोर्डाचं तापमान दर काही क्षणांनी वर सरकताना दिसलं. मागून येणारा अनुभवी मित्र ओरडला, "अरे थांब, त्या सपाटीवर घे! आणि बंद करू नकोस, पंखा चालू राहू दे." थांबलो. मोटरच्या झाकणाजवळ हात नेला तर दुरूनच झळ लागत होती. बोर्डाचं तापमान बऱ्यापैकी लवकर उतरलं, पण मोटरची झाकणं कितीतरी वेळ तशीच गरम होती.

त्यामागचं कारण मला फार मोलाचं वाटतं. ठरावीक चढावर तोल धरून पुढे जायला लागणारा टॉर्क वेगावर फारसा अवलंबून नसतो. हळू जा नाहीतर जरा जोरात, करंट जवळपास तेवढाच लागतो, आणि तांब्यात दर सेकंदाला तयार होणारी उष्णताही तेवढीच. हळू गेलं की तोच चढ जास्त वेळ चालतो, म्हणजे एकूण उष्णता वाढते. शिवाय चाक हळू फिरत असल्यामुळे मोटरवरून वाराही कमी जातो. बोर्डाला पंखा आहे, मोटरला नाही. आणि बऱ्याच गाड्यांत अ‍ॅप दाखवतं ते तापमान बोर्डाचं असतं, मोटरच्या आतल्या वळशांचं नाही. तेव्हापासून चढ तुकड्या-तुकड्यांनी घेतो. वाट देईल तितक्या चांगल्या वेगाने एक टप्पा, मग सपाट जागा दिसली की इशारा वाजण्याआधीच थांबणं. मोटरला वेळ द्यायचा, फक्त अ‍ॅपवरच्या आकड्याला नाही.

उताराचं गणित उलट आहे. ब्रेक लावताना मोटर जनरेटर होते आणि करंट बॅटरीत परत जातो. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर त्याला जागा नसते, व्होल्टेज मर्यादेबाहेर जातो आणि गाडी इशारा देते किंवा पेडल मागे झुकवून तुम्हाला थांबवू पाहते, तेही नेमकं उतारावर. जिथे सुरुवातच डोंगरमाथ्यावरून असते तिथे जाताना मी बॅटरी पूर्ण भरत नाही. एरवी अधूनमधून १०० टक्के चार्ज करतो, कारण बऱ्याच पॅकमध्ये सेल एकमेकांच्या पातळीवर आणण्याचं काम बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारं सर्किट) चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात करतो.

टिकाऊपणाची लढाई खरं तर परत आल्यावर सुरू होते. चिखल आणि पाणी पहिल्यांदा बेअरिंगला गाठतात. माझी गाडी वरकरणी ठणठणीत चालत होती, पण उचलून चाक हाताने फिरवलं तर बारीक खरखर बोटांना जाणवत होती. बेअरिंग काढलं तेव्हा आतलं ग्रीस गंजाच्या रंगाचं झालेलं. हे काम मी एकट्याने केलं नाही. मोटरचे चुंबक इतके जोरात ओढतात की झाकण आणि स्टेटर (मोटरचा वळशांचा, न फिरणारा भाग) यांच्यात बोट सापडलं तर चेंगरतं. पुलर लावून, दोघांनी मिळून, सावकाश उघडलं आणि दोन्ही बाजूंना रबर सीलची नवी बेअरिंग घातली. तेव्हापासून गाडी पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने कधीच धूत नाही. ओलं फडकं आणि मऊ ब्रश पुरतो. सस्पेन्शनच्या नळ्या पुसून घेतो, कारण तिथे साचलेली माती सील खाते.

नट-बोल्ट सैल होणं हा दुसरा शत्रू. अ‍ॅक्सलचे नट, पेडलच्या आधाराचे बोल्ट, सगळ्यांना थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) लावलं आणि घट्ट केल्यावर प्रत्येक नटावरून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. पान्हा न काढता निम्मी तपासणी होते.

बॅटरीच्या बाबतीत मी अजिबात धोका पत्करत नाही. पॅकमध्ये शिरलेलं पाणी लगेच काही करत नाही, पण आत गंज चढतो आणि पुढे कधीतरी शॉर्ट होऊन आग लागू शकते. ओल्या फेरीनंतर गाडी पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावत नाही, आणि लावली की जवळ राहतो. स्मार्ट बीएमएस असेल तर प्रत्येक सेल-गटाचा व्होल्टेज अ‍ॅपवर दिसतो. माझ्या एका पॅकमध्ये एक गट दर वेळी बाकीच्यांच्या मागे पडू लागला. गाडी नेहमीसारखीच चालत होती, तरी पॅक बदलून मिळेपर्यंत ती डोंगरात नेली नाही.

आणि एक गोष्ट वाटेतच बंद पडण्याची. बोर्डावरचे मॉस्फेट (मोटरचा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळले तर ते बहुधा शॉर्ट होतात. मग मोटरचे फेज (त्या तीन जाड वायरी) आतल्या आत जोडले जातात आणि चाक ढकलू म्हटलं तरी फिरत नाही, अडखळत राहतं. अशी गाडी ट्रॉलीच्या दांड्याने ओढून आणता येत नाही, आणि सस्पेन्शनच्या मोठ्या गाड्यांचं वजन सहज ४० किलोच्या आसपास जातं. बॅटरीचा जोड सोडवून त्या तीन जाड वायरी मोकळ्या केल्या की चाक पुन्हा सुटं फिरतं. म्हणून झाकणाला लागणारी अ‍ॅलन की आणि उघड्या टोकांना गुंडाळायला इन्सुलेशन टेप माझ्या पिशवीत कायम असते, आणि जिथून दोघांना मिळून ती उचलून आणता येणार नाही अशा वाटेवर मी ती नेत नाही.