बायचुंग, बरी आणि आपलं मैदान

आम्हाला फुटबॉल पेठेनं दिला आणि बायचुंग भुतिया शाळेनं. कोल्हापूरच्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींच्या फुटबॉल संघांची नावं पाढ्यांच्या आधी पाठ होतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की घरच्या जेवणाच्या वेळा बदलतात. पण हा खेळ पेठेच्या इभ्रतीसाठी खेळायचा, एवढंच ठाऊक. त्यावर पोट भरता येतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ऑक्टोबर 1999 मध्ये मी नववीत होतो. खेळाच्या सरांनी सूचनाफलकावर एक कात्रण टाचलं. सिक्कीममधल्या तिनकितामचा बायचुंग इंग्लंडच्या बरी क्लबकडून कार्डिफ सिटीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला होता. युरोपातल्या क्लबशी करार करणारा पहिला भारतीय. सर म्हणाले, "डोंगरातलं पोरगं इंग्लंडात पोचलं. तुम्हाला पंचगंगा ओलांडायला काय झालंय रे?"

त्यानंतर सराव संपला की सर मातीतच बसायचे आणि बायचुंगच्या गोष्टी निघायच्या. सोळाव्या वर्षी तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. मग पंजाबच्या जेसीटी क्लबकडून पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. पुन्हा ईस्ट बंगालकडे परतल्यावर 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन कपची उपांत्य फेरी, समोर कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागान. सॉल्ट लेक स्टेडियमवर 1 लाख 31 हजारांवर माणसं आणि बायचुंगची हॅटट्रिक, 4-1. सर ती हॅटट्रिक काडीनं मातीत आखून दाखवायचे. बॉल कुठून आला, बचावपटू कुठे होता, आणि बायचुंग त्याच्या पाठीमागून कधी सुटला. "बॉलकडं सगळेच बघतात, हा मोकळी जागा बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी फॉरवर्ड खेळायचो. त्या रेघांनी मला जेवढं शिकवलं तेवढं नंतर कुठल्याच शिबिरानं शिकवलं नाही.

बरीमधली तीन वर्षं फुकट गेली, असं म्हणणारे खूप भेटतात. लीगचे 37 सामने, 3 गोल. आकडा लहान आहे, पण मला ते म्हणणं पटत नाही. कोलकात्यात ज्याला लोक डोक्यावर घेऊन नाचत होते, तो तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबच्या बाकावर जाऊन बसला. दुखापती झाल्या, क्लब पैशाच्या अडचणीत सापडला. पहिला लीग गोल करायला 15 एप्रिल 2000 उजाडावा लागला, चेस्टरफिल्डविरुद्ध. त्याच्याआधी 1936 मध्ये कोलकात्याचे मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून पायाला पट्ट्या बांधून, अनवाणी खेळले होते. पण ते दोनच सामने. पगार घेऊन, दर आठवड्याला जागा टिकवण्यासाठी झगडणं बायचुंगच्या वाट्याला आलं. मला वाटतं, त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम हेच.

पुढे कामानिमित्त मँचेस्टरला होतो तेव्हा एका शनिवारी ट्राम पकडून बरीला गेलो. गिग लेन हे त्यांचं मैदान. शेजारी दफनभूमी, म्हणून एका बाजूच्या स्टँडचं नावच सेमेटरी एंड. क्लब तोवर चौथ्या श्रेणीत घसरला होता. चिंब गवत, लांबलचक पास, आणि हेडरसाठी दोघं उडाले की हाडावर हाड आपटल्याचा आवाज थेट बाकापर्यंत यायचा. अशा रांगड्या बचावपटूंमध्ये आपला तो मध्यम चणीचा गडी कसा टिकला असेल, हे तिथे बसल्यावर कळलं. त्या रात्री सरांना फोन केला. मैदानाची लांबी-रुंदी, गवत, गोलपोस्टमागची जागा, एकेक विचारत राहिले.

2002 मध्ये बायचुंग भारतात परतला. 2003 ला जकार्तात ईस्ट बंगालनं आग्नेय आशियातल्या क्लबांची आसियान क्लब स्पर्धा जिंकली. बायचुंगचे 9 गोल, त्यातले 6 एकाच सामन्यात, फिलिपिन्स आर्मीविरुद्ध. 2008 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई फुटबॉल महासंघाचा (एएफसी) चॅलेंज कप जिंकला आणि त्यामुळे 27 वर्षांनी, 2011 मध्ये, आशियाई चषकात आपला संघ उतरला. दुखापतीमुळे तिथे त्याला जेमतेम काही मिनिटं मिळाली, याची हळहळ मला आजही वाटते. जानेवारी 2012 मध्ये दिल्लीत जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबविरुद्ध निरोपाचा सामना झाला. भारत 4-0 नं हरला, तरी स्टेडियम त्याच्या नावानं घुमत होतं.

आमच्या बॅचमधून व्यावसायिक खेळाडू एकही झाला नाही. पण आपल्याच शाळेतली पोरं आता अकादमीच्या निवड चाचण्यांना जातात, आईवडील स्वतः सोडायला येतात. आमच्या वेळी हे घरी बोलायची सोय नव्हती. शाळेच्या महोत्सवानिमित्त आमच्या बॅचनं दोन्ही गोलपोस्टना नव्या जाळ्या आणि मुलींच्या संघासाठी बूट द्यायचं ठरवलंय. मापं पुढच्या आठवड्यात घेऊ. मुख्याध्यापकांनी यादी तयार ठेवावी.