उघडंना झालंय

"अगं, ते उघडंना झालंय."

सकाळचे साडेसात. इकडं सांगलीच्या विश्रामबागेत माझं दूध उतू जायच्या बेतात आणि तिकडं हरिपुरात मामा कॉम्प्युटरपुढं बसलेले. आमच्या घराण्यात इंजिनिअर तीन आहेत, पण 'उघडंना'चे फोन मलाच येतात, कारण फोन मी उचलते.

"काय उघडंना, मामा?"

"चिकटवलंय ते."

अटॅचमेंटला मामा 'चिकटवलंय ते' म्हणतात. मला तरी यात चूक काढता येत नाही. फाईलचं नाव विचारलं तर त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं : विनमेल डॉट डॅट. हे जनावर माझ्या ओळखीचं. पाठवणाऱ्याच्या ऑफिसात आउटलुक असतं आणि मेल 'रिच टेक्स्ट' प्रकारात निघतो. मग ठळक अक्षरं, रंग, जोडलेली कागदपत्रं असं सगळं एका गाठोड्यात बांधून आउटलुक ते रवाना करतं. या गाठोड्याची गाठ सोडवणं दुसऱ्या बऱ्याच मेलवाल्यांना जमत नाही. ते गाठोडं आहे तसं आपल्या दारात ठेवून जातात.

इलाज सोपा आहे. पाठवणाऱ्यानं मेल एचटीएमएल किंवा साध्या मजकुरात पुन्हा पाठवायचा. अवघड असतं ते त्याला हे सांगणं. "आमच्याकडं तर उघडतंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरच्यानं श्वास घेतला तरी कळतं, तेच येणार. स्वतःच्याच कुलपाची किल्ली स्वतःच्याच खिशात, उघडणार नाही तर काय!

मी फोन उचलीपर्यंत मामांनी स्वतःचे उपाय करून घेतले होते. कॉम्प्युटरनं विचारलं, कशात उघडू? यांनी वर्डवर बोट ठेवलं आणि 'दर वेळी यातच उघड' यालाही हो म्हणून टाकलं. पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादा शहाणा इंग्रजी शब्द, परत चौकोन. "कानडी असंल काय?" मामांची शंका. सीमेलगतच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मग मी त्यांना म्हटलं, "मामा, तुम्ही पेव उघडल्या उघडल्या आत उतरता का?"

हरिपूरची हळदीची पेवं आता मोजकीच राहिली, २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी गेली. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा नाही, त्यामुळं कीडही नाही. पण तीच हवा नसलेली जागा माणसाच्याही जिवावर उठते. म्हणून झाकण काढल्यावर काही तास थांबायचं, आत कंदील सोडायचा, तो तेवत राहिला तरच उतरायचं. हे मला मामांनीच शिकवलंय, मी परकरात होते तेव्हा.

फाईलीच्या बाबतीत कंदील म्हणजे नावातल्या टिंबापुढची शेपटी. विंडोज ती मुळात लपवूनच ठेवतं, हा एक आगाऊपणा. मग 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नावाची भानगड नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' होऊन साळसूदपणे समोर बसते. ती कागद नसून प्रोग्रॅम असते, अशीला हातसुद्धा लावायचा नाही. सगळ्याच शेपट्या वाईट नसतात म्हणा. वर्डच्या डॉक्सची शेपटी बदलून झिप करा, आत चक्क फोल्डरं निघतात. एकदा गंमत म्हणून करून बघा, मूळ फाईलची प्रत काढून.

सगळ्यात जास्त छळतो तो फाँट. गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नपत्रिकेचा नमुना छापखान्यातून आला. पीडीएफ नाही, वर्डची फाईल, आणि अक्षरं जुन्या काळच्या मराठी फाँटमध्ये. तो फाँट माझ्याकडं नव्हता. नवरदेवाच्या नावाच्या जागी एक टक्क्याचं चिन्ह, दोन कंस आणि डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'ची तर पार चटणी. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेल्या क्रमांकांत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण आपल्याकडं अजून कितीतरी मजकूर 'इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे' याच पद्धतीनं टाईप होतो. मुखवटा घरी राहिला की नट उघडा पडतो. छापखान्यातल्या दादांना म्हटलं, फाँट आत घालून पीडीएफ करा. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडं तर..." पुढचं मीच पूर्ण केलं.

खरं तर मेल नावाची गोष्ट जन्मली ती साध्या इंग्रजी अक्षरांपुरतीच. चित्रं, आवाज, फाईली पाठवायची रीतसर सोय १९९२ मध्ये ठरली, तीही जुगाड करूनच : फाईलीच्या दर तीन बाइटांची चार अक्षरं करून ती मजकुरासारखी पाठवायची. त्यामुळं २० एमबीची फाईल वाटेत २७ च्या घरात जाते, आणि २५ ची मर्यादा असली की परत येते. भिजलेल्या पोत्यासारखं, वजन रस्त्यात वाढतं.

दुपारी हरिपूरला गेले. असली डॅट फाईल सोडवणारा एक छोटा प्रोग्रॅम माझ्याकडं आहे. अशी कामं करून देणाऱ्या वेबसाइटीही आहेत, पण घरचे कागद अनोळखी माणसाच्या हातात का द्यायचे? मामींनी चहा ठेवला, मामा चष्मा पुसून शेजारी बसले. गाठ सुटली. आत काहीही नव्हतं. म्हणजे कागद असा नव्हताच. नुसती त्याच मेलची सजावट : कुठलं अक्षर ठळक, कुठलं निळं. आणि मेलमध्ये तर स्वच्छ लिहिलेलं, 'सोबतचे पत्र पाहावे.' ते पत्र जोडायलाच साहेब विसरले होते.

मामा बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले.

"म्हंजे पेव रिकामंच?"

"रिकामंच."

"मग झाकण कशाला लावलं एवढं?" म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला.