पॅनेल बिलासाठी, बॅटरी वडिलांसाठी

घरावर सौर पॅनेल बसवावेत की नाहीत आणि त्यांच्या जोडीला बॅटरी घ्यावी की नाही, या प्रश्नावर आमच्या चिपळूणच्या घरात गेले काही महिने चर्चा चालू होती. आता निर्णय झाला आहे. त्यामागचा विचार येथे सविस्तर मांडतो आहे, कारण कोकणातल्या घराचा हिशेब पुण्या-नाशिकच्या घरापेक्षा वेगळा असतो आणि विक्रेत्यांकडून मिळणाऱ्या माहितीपत्रकांत तो फरक सहसा दिसत नाही.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी की, पॅनेल आणि बॅटरी हे एकच पॅकेज म्हणून विकले जात असले तरी ते दोन वेगळे निर्णय आहेत. पॅनेलमुळे बिल कमी होते. बॅटरीमुळे ते कमी होत नाही; बॅटरी फक्त वीज गेल्यावर घर चालू ठेवते. नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) बसल्यानंतर दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटांतून ती वजा होते. म्हणजे साठवणुकीचे काम ते जाळेच करते. तीच वीज स्वतःच्या बॅटरीत भरून रात्री वापरली तर एका युनिटचीही बचत वाढत नाही, उलट भरताना आणि काढताना थोडी वीज वाया जाते. त्यामुळे 'बॅटरीचे पैसे किती वर्षांत वसूल होतील' हा प्रश्न घरगुती ग्राहकाने विचारूच नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बॅटरी घ्यायची असेल तर अंधाराची अडचण किती मोठी आहे, एवढेच पाहून घ्यावी.

याच्याशी जोडलेला एक गैरसमज फार पसरलेला आहे. छतावर पॅनेल असले म्हणजे लाइट गेली तरी भर दुपारी पंखे चालतील, असे अनेकांना वाटते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या साध्या ऑन-ग्रिड (म्हणजे महावितरणच्या जाळ्याला जोडूनच चालणाऱ्या) इन्व्हर्टरमध्ये तसे होत नाही. बाहेरचा पुरवठा बंद झाला की हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो आणि ते आवश्यकही आहे, कारण तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगावर आपल्या छतावरची वीज जाता कामा नये. पुरवठा खंडित असताना पॅनेलची वीज वापरायची असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बाहेरचा पुरवठा नसतानाही पॅनेल आणि बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर, आणि बॅटरी लागते.

आधी पॅनेलचा हिशेब सांगतो. आमचा वापर वर्षभराची सरासरी काढली तर महिन्याला सुमारे २६० युनिट आहे. एप्रिल-मेमध्ये तो बराच वाढतो आणि पावसाळ्यात उतरतो. महाराष्ट्रात १ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतात असे सर्वत्र सांगितले जाते, आणि देशावर ते खरेही आहे. आमच्याकडे मात्र जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर उन्हाळ्याच्या निम्मे उत्पादनही मिळेल असे धरून चालता येत नाही. म्हणून मी एका किलोवॅटमागे वर्षाला १,२०० युनिटच धरले. या मानाने आमचा सगळा वापर भागवायला ३ किलोवॅट लागतात, आणि आलेल्या प्रत्येक विक्रेत्याने तेवढेच सुचवले.

तरीही आम्ही २ किलोवॅटवर थांबलो. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान मिळते आणि तिसऱ्याला १८,००० रुपये. ७८,००० ही कमाल मर्यादा आहे, त्यापुढे क्षमता कितीही वाढवली तरी अनुदान वाढत नाही. (हे अनुदान भारतात तयार झालेल्या सौर सेलच्या पॅनेललाच मिळते आणि बॅटरीला मिळत नाही, हे कोटेशन वाचताना लक्षात ठेवावे.) वीजदराची रचनाही याच दिशेला नेते. घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० या टप्प्याचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट. पॅनेलची वीज वजा होते ती वरच्या, महागड्या टप्प्यातून. त्यामुळे पहिला किलोवॅट सर्वांत जास्त पैसे वाचवतो, दुसरा बऱ्यापैकी, आणि तिसरा स्वस्त युनिटांच्या जागी येतो. स्थिर आकार तर कितीही पॅनेल बसवले तरी भरावाच लागतो.

आणखी एक मुद्दा कोकणाला विशेष लागू पडतो. नेट मीटरच्या खात्यावर शिल्लक राहिलेली युनिट पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण हे खाते ३१ मार्चला बंद होते आणि उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव आपण वीज घेतो त्या भावाच्या मानाने फारच कमी असतो. आमचे स्वच्छ उन्हाचे दिवस ऑक्टोबर ते मे. त्यातले फेब्रुवारी-मार्चमधले भरघोस उत्पादन वर्षअखेरीला येते, म्हणून ते पुढच्या पावसाळ्याच्या उपयोगी पडत नाही. ३ किलोवॅट बसवले असते तर दरवर्षी शेवटच्या महिन्यांत काही शे युनिट अशी कवडीमोलाने गेली असती. २ किलोवॅटमध्ये जवळजवळ प्रत्येक युनिट घरातच वापरले जाते. अनुदान वजा जाता पॅनेलच्या बाजूचा खर्च चार वर्षांच्या आसपास भरून निघेल असा अंदाज आहे, आणि पॅनेलची कार्यक्षमतेची हमी २५ वर्षांची असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागला. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल हे गृहीत धरलेले बरे.

छताबद्दल थोडे. आमच्याकडे गळती टाळण्यासाठी स्लॅबवर उतरत्या पत्र्याची शेड घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे पॅनेलचा कोन आणि दिशा पत्राच ठरवतो. सुदैवाने आमच्या पत्र्याचा एक उतार दक्षिणेकडे आहे आणि शेजारच्या माडांची सावली सकाळीच सरकते. पॅनेल पत्र्याला समांतर आणि जवळ बसवले तर त्याखाली हवा कमी खेळते, ते जास्त तापतात आणि उत्पादन थोडे घटते. पण उंच सांगाडा केला तर मृगाच्या वाऱ्यात तोच शिडासारखा वारा धरतो. आम्ही थोड्या उत्पादनावर पाणी सोडून ते पत्र्यालगत ठेवायचे ठरवले. पत्र्याला पडणारे प्रत्येक छिद्र रबरी वॉशर आणि सीलंटने बंद करून द्यावे, सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) असावा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत, हे करारात लिहून घेतले आहे. येथल्या दमट हवेत साधे लोखंड फार काळ टिकत नाही.

आता बॅटरी. आमच्याच तालुक्यात पोफळीला कोयना प्रकल्पाचे वीजगृह आहे, तरीही पावसाळ्यात वीज जाते, कारण अडचण निर्मितीची नसून झाडांतून, डोंगरउतारांवरून जाणाऱ्या तारांची आहे. एक फांदी पडली की वाडीच्या वाडी अंधारात जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगड भागातली अनेक गावे कित्येक दिवस विजेविना होती. पूर्वी आम्ही असे दिवस कंदील आणि मेणबत्तीवर काढत असू. आता वडिलांना फुप्फुसाच्या जुन्या आजारामुळे रात्री यंत्राने प्राणवायू द्यावा लागतो आणि ते यंत्र सुमारे ३५० वॅट वीज घेते. आठ तासांचे जवळजवळ तीन युनिट झाले. त्यात दोन-तीन कमी वॅटचे बीएलडीसी पंखे आणि दिवे मिळवले की एका रात्रीची गरज चार युनिटांच्या आत बसते.

नेहमीच्या १५० अँपिअर-अवर ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण तिचे आयुष्य राखायचे तर त्यातले निम्मेच काढावे. तशा दोन घेतल्या तरी पहाटेपूर्वी यंत्र बंद पडेल. लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची ५ युनिटांची बॅटरी बरीच महाग आहे, पण तिच्यातून चार-साडेचार युनिट निर्धास्तपणे वापरता येतात, डिस्टिल्ड वॉटर घालावे लागत नाही आणि ती कितीतरी अधिक वर्षे चालते. या खर्चाची वसुली होणार नाही हे आम्हांला माहीत आहे. वडिलांचा श्वास रात्रभर सुरळीत चालावा म्हणून तो आम्ही करतो आहोत. डॉक्टरांच्या सल्ल्याने घरात प्राणवायूचा भरलेला सिलिंडरही राहील. बॅटरी आहे म्हणून तो काढून टाकणे मला धोक्याचे वाटते.

केवळ रात्रीचाच विचार केला तर महावितरणच्या विजेवर भरणारी बॅटरी पुरली असती, तिला पॅनेलशी जोडण्याची गरज नव्हती. शिवाय वीज जास्त वेळा जाते त्याच महिन्यांत ऊन कमी असते. तरीही हायब्रिड इन्व्हर्टर घेण्याचे ठरले, कारण पुरवठा सलग दोन-तीन दिवस बंद राहिला तर ढगाळ हवेतही २ किलोवॅटचे पॅनेल दिवसाला दीड-दोन युनिट देऊ शकतील. तेवढ्यावर प्राणवायूचे यंत्र निम्म्या रात्रीच्या आसपास चालेल, आणि अशा वेळी ते फार मोलाचे आहे.

जागेचा निर्णय सर्वांत सोपा होता. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी शहरात घरांच्या तळमजल्यांवर शिरले होते, त्यामुळे इन्व्हर्टर, बॅटरी आणि त्यांची स्विचबोर्डं पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या चौकाजवळच्या हवेशीर भिंतीवर बसतील. तेथे दुपारचे ऊन येत नाही आणि जवळ कोणाची झोपण्याची खोली नाही.

एका अटीवर मात्र मी अडून बसलो. काम पूर्ण झाल्यावर, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, विक्रेत्याने प्राणवायूचे यंत्र चालू असताना घराचा मुख्य स्विच बंद करून दाखवावा आणि यंत्र न थांबता बॅटरीवर जाते हे आमच्यासमोर सिद्ध करावे. एका विक्रेत्याने याची गरज नाही असे सांगितले. दुसऱ्याने ही अट कोटेशनमध्ये लिहून दिली, आणि त्याचा भाव थोडा जास्त असूनही काम त्यालाच दिले आहे. पत्रा कोरडा असेपर्यंत, म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत, पॅनेल चढवून होतील.