हातचा नसलेला गुणाकार

नाशिक, रविवार

आजची दुपार १२३४५६७८९८७६५४३२१ या एका संख्येपायी गेली, आणि ती सत्कारणी लागली असेच मी म्हणेन. नऊ एक्के ओळीने मांडल्यावर होणाऱ्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग आहे. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेमलो हे नाव दिले. डोंबिवली स्थानकाचे ते तेव्हाचे नाव. आम्हा नाशिककरांना त्यांच्या नावाचा स्थिरांक ६१७४ ऐकून ऐकून पाठ असतो, डेमलोकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

एक्सेलमध्ये हा गुणाकार केला, तर पंधरा अंकांपुढे त्याची मजल जात नाही आणि शेवटच्या २१ च्या जागी ०० उमटतात. म्हणून चौकटींची वही काढली. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक एक्का, दुसऱ्यात दोन, असे वाढत बरोबर मधल्या स्तंभात नऊ येतात आणि तिथून पुन्हा उतार लागतो. कोणत्याच स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नसल्यामुळे हातचा घ्यावाच लागत नाही, आणि उलटसुलट सारखी वाचता येणारी ही रचना त्यामुळेच टिकते.

पण हा डौल मुख्यतः आपल्या दशमान पद्धतीचा आहे. संख्येचा खरा पिंड तिच्या अवयवांत असतो : ३⁴ × ३७² × ३३३६६७². त्यावरून विभाजक ५ × ३ × ३ म्हणजे ४५. अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने संख्येला निःशेष भागही जातो, म्हणजे कापरेकरांच्याच परिभाषेत ही हर्षद संख्या ठरते.

यापुढची गंमत मला अधिक मोलाची वाटते. उजवीकडचे नऊ अंक तोडून दोन्ही तुकड्यांची बेरीज केली, तर १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. हा योगायोग नव्हे. १११११११११ ला ९ ने भाग जातो व भागाकार १२३४५६७९ येतो, म्हणून आपली संख्या ९९९९९९९९९ × १२३४५६७९ अशीही लिहिता येते. आणि ज्या संख्येला ९९९९९९९९९ ने भाग जातो, तिच्या नऊ-नऊ अंकी तुकड्यांच्या बेरजेलाही त्यानेच भाग जावा लागतो. तेव्हा अंकांची मांडणी वरवरची आणि अवयव तेवढे खरे, ही विभागणी वाटते तितकी चोख नाही.

मग दहा एक्के घेतले. मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होतो : डावीकडचा ८ गायब, मध्ये दोन शून्ये. दिसायला ही संख्या विस्कटलेली आहे खरी, पण तिचे उजवीकडचे दहा अंक तोडले की १२३४५६७९० + ०९८७६५४३२१ = ११११११११११, म्हणजे मूळचे दहा एक्के जसेच्या तसे परत मिळतात. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, हीच कापरेकर संख्येची कसोटी; नऊ एक्क्यांना न साधलेली ही कसोटी दहा एक्के पार करतात.