‘के’ कुठे आहे?

आमच्या लेकाला बाराखडी येते, हे आम्ही वर्षभर येईल त्याला सांगत होतो. सांगलीहून आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणून घ्यायची आणि हा क, का, कि, की करत थेट कः पर्यंत न अडखळता जायचा. एका रविवारी आईने मधलंच कार्ड उचललं. नुसतं ‘के’. तो बघत बसला. मग पुटपुटत क पासून निघाला आणि तिथवर पोचल्यावर ओरडला, “के!” पुढचं कार्ड ‘कु’. पुन्हा क पासून.

आईची अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. कॉल संपल्यावर तिने मला वेगळा फोन केला. “अगं, तो वाचत नाहीये. पाठ म्हणतोय.”

इथे न्यू जर्सीत तो तेव्हा दुसरीत होता. ऑक्टोबरच्या पालकभेटीत बाई गोड हसून म्हणाल्या, घरात दोन भाषा असल्या की मुलं वाचनात जरा मागे पडतात, थोडं थांबून बघू. मी मान डोलावली. बाईंना उलट बोलायचं नसतं, हे मी एका बाईंच्याच घरात शिकलेय. वर आम्ही घरी आठवडाभर मराठी बंद करून पाहिलं. आमटी वाढतानासुद्धा इंग्रजी! पोरगं गप्प गप्प झालं, बाकी काही फरक नाही.

मंडळाच्या दिवाळीत एक मैत्रीण भेटली. तिची मुलगी या सगळ्यातून गेलेली. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तोंडी बोललीस ना? मग तू अजून काहीच बोललेली नाहीस.”

तिने मला तीन ओळींचं पत्र लिहायला लावलं. मुलाला अपंगत्व असल्याची शंका आहे, सर्व अंगांनी तपासणी करावी, तारीख, सही. ‘अपंगत्व’ हा शब्द टाइप करताना हात थांबला होता, खोटं कशाला बोलू? नवरा म्हणाला, “कागदावर येईल ना ते कायमचं?” पण इथला कायदा त्या शब्दावरच हलतो. १९७५ साली अमेरिकेने ठरवलं की अशा प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण देणं ही सरकारी शाळेची जबाबदारी. १९९० पासून त्या कायद्याला ‘आयडिया’ म्हणतात. पत्र पोचलं की न्यू जर्सीत शाळेने, शाळेच्या सुट्ट्या वगळून, २० दिवसांत मीटिंग लावायची. तपासणीला आपण लेखी संमती दिली की ९० दिवसांत तपासण्या, निर्णय आणि मूल पात्र ठरलं तर शिकवणं सुरू. ऑक्टोबरमध्ये जे ‘थांबून बघू’ होतं, त्याला पत्रानंतर एकदम तारखा आल्या.

पहिल्या मीटिंगला शाळेची मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमतेच्या तज्ज्ञ शिक्षिका, समाजसेविका आणि वर्गशिक्षिका. समोर आम्ही दोघं. पुन्हा दोन भाषांचा विषय निघाला. मी आईची वही काढली. तिने सहा रविवार नोंदी ठेवल्या होत्या: कुठलं कार्ड, किती वेळ लागला, कुठून मोजत आला. मी म्हटलं, मराठीमुळे इंग्रजी अडत असेल तर मराठी का अडतंय? ती तर तो घडाघडा बोलतो. तज्ज्ञ बाईंनी वही हातात घेतली, एक अक्षर कळत नसताना पानं उलटली आणि छायाप्रत मागितली. सांगलीच्या त्या दोनशेपानी वहीची पानं आता इथल्या सरकारी फायलीत आहेत.

तपासणीत निघालं, डिस्लेक्सिया. म्हणजे डोकं चालतं, पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी लावताना अडतं.

खरी झटापट पुढेच होती, आणि तीही हसतखेळत. आयईपी म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेला लेखी शिक्षण-आराखडा. आमच्या मसुद्यात होतं: आठवड्यातून दोनदा अर्धा तास, पाच मुलांच्या गटात, उद्दिष्ट ‘वाचनात सुधारणा’. सगळ्यांनी मला ‘मॉम, मॉम’ म्हणत पेन पुढे केलं. मी विचारलं, आज तो मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतो? बावीस. मग जूनमध्ये किती वाचेल, तो आकडा लिहा. आणि कुठल्या पद्धतीने शिकवणार, तेही लिहा. खोली जराशी थंडावली. नवऱ्याने टेबलाखाली पाय दाबला; पोराला रोज याच लोकांकडे पाठवायचंय, ही त्याची भीती, आणि ती खोटी नव्हती.

मी सही केली नाही. पहिला आराखडा आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय लागूच होत नाही. मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती होईल असाच आराखडा हवा, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एकमताने सांगितलंय, हेही पाठ करून गेले होते. म्हणायची वेळ आली नाही. तिसऱ्या मीटिंगमध्ये आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटं, तिघांचा गट, ध्वनी सुटे करून पायरीपायरीने शिकवायची पद्धत आणि जूनपर्यंत पन्नास शब्द असं लिहून मिळालं. वर्गात मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही, ही ओळ मी शेवटी घालून घेतली.

हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ही वाचनाची अडचण आता आहे, असंही सांगितलं. ती ‘हं, हं’ करत होती. वाचायला उभं न करण्याची ओळ आली आणि ती म्हणाली, “माझ्या चौथीत एक होता. पाढे तीसपर्यंत पाठ. वाच म्हटलं की घाम फुटायचा. मी त्याला ढ म्हणायचे गं. वाचेपर्यंत उभा ठेवायचे.”

मग बराच वेळ तिकडून आवाजच आला नाही. इकडे लेकाने माझ्या हातातून फोन घेतला आणि व्हिडिओ चालू केला.

“आजी, आज कुठलं कार्ड?”